डोडोमात घर मांडताना: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं टांझानियाला स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांची किंवा गेलेल्यांची आहेत आणि गंमत म्हणजे कामाबद्दल कुणीच विचारलं नाहीये, सगळ्यांना घराचं विचारायचंय. मला ते अगदी बरोबर वाटतं. काम काय करायचं ते संस्था ट्रेनिंगमध्ये सांगते, पण संध्याकाळी घरी आल्यावर पाणी कुठून आणायचं, शेजारच्या बाईंनी पैसे मागितले तर काय बोलायचं, हे कुणी सांगत नाही. आणि माझ्या बघण्यात जे जे अर्ध्यावर परत आले ते कामाला कंटाळून नाही आले, तिथे त्यांचं घर कधी लागलंच नाही म्हणून आले. मी स्वतः डोडोमा भागात, म्हणजे टांझानियाच्या राजधानीकडे, राहिलेय त्यामुळे उत्तरं तिथलीच आहेत, दार-एस-सलामला किंवा लेक व्हिक्टोरियाकडे जाणाऱ्यांनी थोडा फरक धरून वाचा.

प्रश्न : ताई, मी नर्स आहे, एका वर्षासाठी डोडोमाजवळच्या एका गावात निवड झालीये. आईने आत्तापासून बॅगा भरायला घेतल्यात, ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तवा, पोळपाट सगळं. वजन २३ किलोच्या वर चाललंय. काय ठेवू काय काढू? – नाव छापू नका, सातारा

अगं पहिल्यांदा आईला सांग की ज्वारी काढ. तू जातेयस तो भाग टांझानियाच्या मधोमधचा कोरडा पट्टा आहे, पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल आणि तोही बेताचाच, त्यामुळे तिथली शेती बघून तुला माण-खटावच आठवेल. ज्वारी पिकते, तिला म्तामा म्हणतात, बाजरी पिकते तिला उवेले, नाचणी मिळते ती उलेझी. नाचणीची पातळ पेज लोक सकाळी मगभरून पितात, लहान मुलांना तर हमखास देतात. शेंगदाणे ढिगाने. गूळ सुकारी गुरू या नावाने मिळतो. मूग, चवळी, हरभरा सगळं बाजारात पोत्यात उघडं मांडलेलं असतं.

तुरीचं तर सांगायलाच नको. आपण इथे जी तूरडाळ खातो त्यातली काही टांझानियातून येते, दक्षिणेकडे लिंडी आणि म्त्वारा भागात ती भरपूर होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे शेतकऱ्यांच्या तुरीचे भाव कोसळले, त्यामुळे तू इंडियातून आलीस म्हटल्यावर एखादा धान्याचा व्यापारी तुला त्याबद्दल विचारेलही, ऐकून घे, त्याचं खरंच नुकसान झालेलं असतं. फक्त तूर तिथे बहुतेक अख्खी सालासकट मिळते, लोक ती नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांदाझीबरोबर, म्हणजे तळलेल्या गोडसर पावाबरोबर खातात, फारच छान लागते. फोडलेली डाळ हवी असेल तर शहरातल्या भारतीय दुकानात जावं लागेल.

भाकरीचं एक सांगते. गल्लोगल्ली पिठाची गिरणी असते पण तिथे दळण उगालीच्या, म्हणजे पिठाच्या घट्ट उकडीच्या, हिशोबाने देतात, जाडसर, त्याला विरी कमी असते आणि थापताना भाकरी तुटते. गिरणीवाल्याला दोनदा दळायला सांग, घरी बारीक चाळणीने चाळ, आणि उकळतं पाणी घालून मळ. ज्वारी पांढरी बघून घे, लाल ज्वारी बऱ्याचदा दारू गाळायला वापरतात ती कडवट लागते. चाळणी मात्र इथून ने.

तवा नको, चपाती तिथल्या लोकांच्या रोजच्या खाण्यातली आहे त्यामुळे तवा लाटणं सगळं मिळतं. हळद, जिरं, धणे, मिरी, लवंग, दालचिनी काही नेऊ नकोस, झांझिबार ज्या देशात आहे तिथे लवंगा घेऊन कुठे जातेस. चिंच पण नको, डोडोमात चिंचेची झाडंच झाडं आहेत. न्यायचं ते एवढंच, काळा मसाला किंवा गोडा मसाला जो तुमच्या घरी होतो तो, आमसूल, हिंग, थोडे मेतकूट-पापड जिवाला बरं वाटावं म्हणून, आणि तीन लिटरचा प्रेशर कुकर. कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नकोस. तिथे राजमा-चवळी कोळशाच्या शेगडीवर तासन्तास शिजत असते, तुझ्या कुकरची शिट्टी ऐकून शेजारणी बघायला येतील, येऊ दे, त्यांचे राजमे पण शिजवून दे, ओळख व्हायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

आणि बॅगेत एक स्वेटर टाक. आफ्रिका म्हटलं की सगळे सुती कपडे भरतात पण डोडोमा ११०० मीटरच्या वर आहे, जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी वाजते.

प्रश्न : स्वयंपाक तिथे गॅसवर होतो का? मला चुलीची सवय नाही. – एक वाचक, ठाणे

होतो की. ६ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याच्यावरच बर्नर बसतो, एकट्या माणसाला उत्तम. पण शेजारीपाजारी अजून कोळसाच दिसेल तुम्हाला, मातीचं अस्तर लावलेली पत्र्याची शेगडी. सरकारने २०३४ पर्यंत ८० टक्के घरांत स्वच्छ इंधन पोचवायचं ठरवलंय, पण सिलिंडर भरायला एकदम पैसे काढावे लागतात आणि कोळसा रोजच्या रोज डबाभर घेता येतो, हातावर पोट असलेल्या माणसाला काय परवडणार ते आपल्याला कळतंच. एक छोटी शेगडी तुम्ही पण घेऊन ठेवा, गॅस संपला तर रात्री दुसरा मिळेलच असं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मी पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर, रिटायर झाल्यावर स्वयंसेवक म्हणून सहा महिन्यांसाठी चाललोय, बायको पण येणार आहे. तिला धुणं, पाणी, लाईट याची फार काळजी वाटतेय. कपडे वाळत घातले की त्यातून किडे अंगात शिरतात असं कुणीतरी तिला सांगितलंय. खरं आहे का? – नागपूर

खरं आहे, पण घाबरण्यासारखं नाहीये, वहिनींना नीट समजावून सांगा. मँगो फ्लाय नावाची माशी असते, ती सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर किंवा मातीत अंडी घालते, अंड्यातून अळी बाहेर येते आणि कपडा अंगात घातला की कातडीत शिरते, मग गळवासारखी गाठ येते. दमट भागात आणि पावसाळ्यात हे जास्त. उपाय एकच, इस्त्री. सगळ्या कपड्यांना दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री, आतल्या कपड्यांना, टॉवेलला, चादरीला पण, शिवणी आणि इलॅस्टिकवर जरा जास्त वेळ. म्हणूनच तिथल्या घरात लाईट नसली तरी कोळशाची इस्त्री असते. कपडे गवतावर-जमिनीवर पसरू नका, दोरीवर कडक उन्हात घाला. एवढं पाळलं की झालं.

लाईटला प्रीपेड मीटर असतो, लुकू म्हणतात. मोबाईलवरून पैसे भरायचे, २० आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. युनिट संपले की अंधार, त्यामुळे थोडे शिल्लक असतानाच भरा, शनिवारी रात्रीपर्यंत थांबू नका. यासाठी आणि जवळपास सगळ्याच व्यवहारांसाठी मोबाईल मनी लागतं, भाजीवाली सुद्धा त्यावर पैसे घेते. सिमकार्ड बोटांचे ठसे देऊन रजिस्टर करावं लागतं, पासपोर्ट घेऊन दुकानात स्वतः जा, कुणाच्या तरी नावावरचं सिम वापरू नका. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे, दोन-तीन अॅडाप्टर न्या.

पाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमचाच विषय. डोडोमाचं पाणी मुख्यतः मकुतुपोराच्या बोअरवेलमधून येतं, जमिनीतलं पाणी, चवीला क्षारयुक्त, साबणाला फेस कमी येतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. शहर २०१८ मध्ये अधिकृतपणे सिटी झालं, मंत्रालयं तिकडे हलली, माणसं वाढली आणि पाणी तेवढंच, त्यामुळे नळाला रोज पाणी येईल असं धरू नका. घर बघताना खोल्या किती हे नंतर विचारा, आधी टाकी किती लिटरची ते विचारा. गावात राहणार असाल तर पिवळे २० लिटरचे कॅन सायकलवर किंवा हातगाडीवर लादून आणणारा मुलगा असतो, त्याच्याशी महिन्याचा हिशोब ठरवा. प्यायचं पाणी उकळून गाळून प्या, सहा महिने न चुकता.

अजून एक, कुणी कामाला येणार म्हणून वेळ ठरवताना लक्षात ठेवा की तिथे घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. प्लंबर म्हणाला दोन वाजता येतो तर तो सकाळी आठला दारात उभा असेल. बोलताना "सकाळचे" की "रात्रीचे" हे विचारून घ्यायचं, बास.

प्रश्न : मी समाजकार्य शिकलेली आहे, इथे येऊन दोन महिने झाले. सगळे म्हणतात घरकामाला मुलगी ठेव, पण मी सेवा करायला आले आणि माझी भांडी दुसरीने घासायची हे मनाला पटत नाही. मी कामावरून येते तर धुणं-पाणी-स्वयंपाकात रात्रीचे दहा वाजतात. – डोडोमाहून, मूळची लातूरची

ठेव. मला माहितीये तुला काय टोचतंय, पण जरा शेजारच्यांच्या नजरेने बघ. ज्या गल्लीत एक नोकरी म्हणजे एका घराची शाळेची फी असते तिथे परदेशातून आलेली, दर महिन्याला भत्ता मिळणारी बाई स्वतःच सगळं करत बसते तेव्हा लोकांना ते साधेपणाचं वाटत नाही, त्यांना वाटतं हिने हात आखडता घेतलाय. आणि तू थकून गेलीस तर ज्या कामासाठी गेलीयेस ते पण नीट होणार नाही.

मात्र ठेवायचं ते रीतसर. तिथे घरकामगारांसाठी सरकारने किमान वेतन ठरवून दिलेलं आहे, राहून काम करणारीचा आणि येऊन-जाऊन करणारीचा दर वेगळा, आधी तो बघ आणि त्याच्या वर दे. लहान मुलगी अजिबात नको, कुणी कितीही गळ घातली की गावाकडून भाची आणून देते, दहावी-बारावी झालेली सांगतात आणि येते ती तेरा-चौदा वर्षांची असते. मोठी बाई बघ, शक्यतो जिला मुलं आहेत आणि जी संध्याकाळी आपल्या घरी जाते. कामाचे तास, सुट्टीचा दिवस, आजारी पडली तर काय, हे स्वाहिलीत कागदावर लिहून दोघींच्या सह्या कर. जेवण एकत्र करा, एका टेबलावर नाहीतर एका चटईवर. तिच्याकडून तू जेवढी स्वाहिली शिकशील तेवढी कुठल्या क्लासात शिकणार नाहीस, आणि म्लेंडा शिकून घे तिच्याकडून, डोडोमाच्या गोगो लोकांची ती बुळबुळीत पालेभाजी, उगालीबरोबर खातात, आपल्या भाकरीबरोबर पण मस्त जाते. दाण्याचं कूट घातलेला माठ तर तिथे घरोघरी होतो, आईच्या हातचा वाटेल तुला.

जाताना मात्र अचानक सोडून जाऊ नकोस. तीन महिने आधीपासून तिच्यासाठी दुसरं घर शोधायला लाग, नवीन येणाऱ्या स्वयंसेवकाला तिचं नाव सुचव.

प्रश्न : ताई शेजारी सतत पैसे मागतात. कुणाच्या मुलाची फी, कुणाचं औषध, कुणाचं लग्न. मी काही पगारावर नाहीये, भत्त्यात कसंबसं भागतं, तरी नाही म्हणताना जीव जातो. दिले तर दुसऱ्या दिवशी अजून दोघं येतात. काय करू? – नाव नको

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवकाला पडतो आणि याचं उत्तर मनाला बरं वाटेल असं नाहीये, तरी सांगते.

दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे गल्लीची वर्गणी, तिथे मिचांगो म्हणतात. लग्न असलं की कमिटी बसते, प्रत्येकाच्या नावावर आकडा पडतो, कार्ड येतं. मयत झालं की त्या घरासमोर मांडव पडतो, पुरुष बाहेर बसून राहतात, बायका मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करतात आणि वहीत नाव लिहून पैसे जमा होतात. हे पैसे द्या. नेहमी द्या, न मागता द्या, आणि गल्लीतला शिक्षक किंवा दुकानदार देतो तेवढेच द्या, त्याच्या दहापट नाही. आणि मयताला फक्त पैसे पाठवून घरी बसू नका, जा, कांगा गुंडाळून बायकांमध्ये बसा, कांदे चिरा. कांगा नसेल तर बाजारातून जोडी घेऊन ठेवा, ते कापड टॉवेलपासून ओढणीपर्यंत सगळ्याला चालतं. तुम्ही मयताला येता हे एकदा लोकांनी बघितलं की तुमच्याकडे बघायची त्यांची नजरच बदलते, मग तुम्ही पैशाचा गल्ला राहत नाही.

दुसरं म्हणजे एकेकट्याने येऊन मागितलेलं उसनं. त्यात माझं मत कडक आहे, देऊ नका. औषध खरंच तातडीचं असेल तर पैसे न देता स्वतः बरोबर जाऊन औषध आणून द्या. बाकी फी, धंदा, मोबाईल, सगळ्याला एकच उत्तर ठेवा आणि ते सगळ्यांना सारखं द्या. गल्लीत विकोबा असतं, म्हणजे आपला बचत गटच, बायका आठवड्याला जमतात, शेअर घेतात, पेटीतून कर्ज उचलतात. त्यात तुम्हाला सदस्य होता येईल का विचारा, संस्थेची परवानगी घ्या. मग कुणी उसने मागितले की "चला, मंगळवारी मीटिंगमध्ये मागू" म्हणता येतं, आणि मागणाऱ्याची मान पण खाली जात नाही. आपल्याकडे बचत गटात काम केलेल्या बाईला तर तिथे बोलायला केवढे विषय मिळतात.

आणि नाही म्हणताना दारातूनच म्हणू नका. तिथे कुणी "होडी" (आत येऊ का) म्हणून हाक मारली की आत बोलवायचं, बसवायचं, मोठं माणूस असेल तर "शिकामो" म्हणून नमस्कार करायचा, चहा द्यायचा, घरच्यांची सगळ्यांची चौकशी करायची आणि मग नाही म्हणायचं. पंधरा मिनिटं जातील, जाऊ द्या.

प्रश्न : संध्याकाळ खायला उठते. नवरा पुण्यात, मी इथे, घरी आले की व्हिडिओ कॉल लावून ठेवते आणि तिकडच्या घरात काय चाललंय ते बघत बसते. कॉल बंद झाला की अजून वाईट वाटतं. – एक वाचक, टांझानिया

तिथे बाराही महिने सातच्या सुमारास अंधार पडतो, उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ असं काही नसतंच, त्यामुळे रात्र फार मोठी वाटते. तुमचं दुखणं मला अगदी कळतंय. पण तो कॉल कमी करा असंच मी सांगेन. रोज लावून ठेवायचा कॉल बंद, त्याऐवजी ठरलेल्या वेळी अर्धा तास, नीट बोलायचं, आणि लक्षात ठेवा पुणे अडीच तास पुढे आहे, तुम्ही आठला जेवून फोन करता तेव्हा तिकडे साडेदहा झालेले असतात, नवरा पेंगलेला असतो आणि तुम्हाला वाटतं याला बोलायचंच नाहीये. तुमचे साडेपाच-सहा म्हणजे त्याचे आठ-साडेआठ, ती वेळ धरा.

मग सात वाजता घरात बसू नका. कोपऱ्यावर चपात्या लाटणारी, मासे तळणारी बाई असते, तिच्या बाकावर बसा. चर्चची गाण्याची तालीम बहुतेक गल्ल्यांमध्ये संध्याकाळी असते, आपण ख्रिश्चन नसलो तरी ऐकायला बसायला कुणी नाही म्हणत नाही. शेजारच्या मुलांना तुमच्या ओट्यावर लाईटखाली अभ्यासाला बोलवा. दार-एस-सलामला सुट्टीत जायचं असेल तर २०२४ पासून डोडोमाहून तिथे नवीन रेल्वे सुरू झालीये, बसने अख्खा दिवस जायचा ते आता साधारण चार तासांत होतं, तिथे भारतीय कुटुंबं भरपूर, देऊळ आहे, मराठी बोलायला मिळेल. पण दर शनिवार-रविवार तिकडे पळू नका, नाहीतर डोडोमातलं घर हे फक्त झोपायची खोली होऊन राहतं.

प्रश्न : माझा मुलगा म्वांझाला स्वयंसेवक आहे. गेल्या आठवड्यात ताप आला म्हणाला, गोळी घेतली म्हणाला. मलेरिया असेल का? मला रात्र रात्र झोप नाही. – एक आई, कोल्हापूर

ताई, त्याला आजच फोन करून विचारा की रक्त तपासलं का. गोळी कुठली घेतली हे महत्त्वाचं नाही, तपासणी झाली का हे महत्त्वाचं. म्वांझा लेक व्हिक्टोरियाच्या काठावर आहे, त्या भागात मलेरिया डोडोमापेक्षा खूप जास्त आहे, आणि तिकडचा बहुतेक मलेरिया फॅल्सिपॅरम या घातक प्रकारचा, तो अंगावर काढायचा नसतो. नियम असा की ताप आला की त्याच दिवशी बोट टोचून तपासणी, छोट्या दवाखान्यात सुद्धा वीस मिनिटांत होते, पॉझिटिव्ह आली तर औषधाचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स, बरं वाटलं तरी मध्ये सोडायचा नाही. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर परत तपासायचं.

मच्छरदाणी रोज रात्री, गादीखाली खोचून, अगदी डास दिसत नसले तरी. आणि त्याला सांगा लेकमध्ये पोहायला उतरू नकोस, कितीही उकडलं तरी, तिथल्या पाण्यात बिलहार्झियाचे जंतू असतात ते कातडीतून शिरतात.

तो परत आल्यावरची गोष्ट तुम्ही लक्षात ठेवायची आहे. घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं की हा आफ्रिकेतून आलाय. इथे पावसाळ्यात ताप म्हटलं की व्हायरल म्हणून दोन दिवस थांबतात, त्याच्या बाबतीत दोन दिवस थांबायचं नाही.

प्रश्न : यलो फीवरची लस लागते का? आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेलं तर चालतं का? – औरंगाबाद

बऱ्याच जणांचं विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जातं, केनिया आणि इथिओपिया भारताच्या यलो फीवरच्या यादीत आहेत, त्यामुळे लस घ्याच, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, येताना इथल्या विमानतळावर बघतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कंपनीच्या पॅकिंगमधला मसाला चालतो. बाकी सगळं कापडी पिशव्यांत बांधा, त्या तिथे भाजीला पण उपयोगी पडतात.